कावळ्याला विचारण्याआधी

आबांच्या दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर कावळा शिवेना. पिंड मांडून अर्धा तास होऊन गेला. समोरच्या झाडावर चार-पाच कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मग अशा वेळी जे होतं तेच सुरू झालं. थोरले काका पुढे झाले, हात जोडले आणि पिंडाकडे बघत म्हणाले, "नातीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळे जागचे हलले नाहीत. दादा म्हणाला, "विहिरीचं काम पुरं करतो, आबा." नाही. कुणीतरी मागून सुचवलं, वहिनींना अंतर देणार नाही म्हणा. तेही म्हणून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला पाण्यात उतरले.

मी पायरीवरच बसून राहिले. आबांना काय हवं होतं हे आम्ही अर्धा तास एका पाखराला विचारत होतो. फुप्फुसाचा कर्करोग कळल्यापासून ते जाईपर्यंत सात महिने गेले होते. त्या सात महिन्यांत आबा बोलू शकत होते, ऐकू शकत होते, रोज पेपर वाचत होते, आणि आमच्यापैकी एकानंही त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी मात्र एकदा मला विचारलं होतं. संध्याकाळची वेळ, अंगणात खुर्चीत बसले होते. म्हणाले, "आता पुढं काय काय होणार गं?" मी म्हटलं, "काही होत नाही, आबा. बरे व्हाल." ते गप्प झाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी त्यांना धीर दिला असं तेव्हा मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी दार लावून घेतलं होतं, आणि आतल्या भयापाशी ते एकटेच राहिले.

मरणाच्या भयाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा प्रवचनात. आत्म्याला मरण नाही, देह हे वस्त्र आहे, जन्मलेला प्रत्येकजण जाणारच. हे ऐकून ज्यांना खरोखर आधार मिळतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण गेल्या काही वर्षांत घरातली दोन मरणं जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की, ज्याला आपण सरसकट मरणाचं भय म्हणतो त्यातला फार मोठा भाग मरणाचा नसतोच. तो मरण्याच्या रीतीचा असतो. दुखेल किती, श्वास कोंडेल का, अंथरुणात सगळं करावं लागेल तेव्हा कोण काढेल, माझ्या औषधापायी जमीन विकावी लागेल का, शेवटच्या क्षणी ओळखीचं कुणी जवळ असेल का, की नळ्या लावलेल्या अवस्थेत अनोळखी माणसांत जाईन? यातल्या प्रत्येक प्रश्नाला या जगातलं, माणसांच्या हातातलं उत्तर आहे. ते उत्तर द्यायची जबाबदारी घराची आहे, डॉक्टरांची आहे आणि सरकारचीही आहे. म्हणून मरणभय हा केवळ अध्यात्माचा किंवा मानसशास्त्राचा विषय नाही. रस्ते, पाणी, शाळा यांच्यासारखाच तो सार्वजनिक प्रश्न आहे.

कोविडच्या दोन वर्षांनी हे उघड करून दाखवलं. महाराष्ट्रात मृत्यूंचा अधिकृत आकडाच दीड लाखाच्या जवळ गेला. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले गेले, तो फोटो पुष्कळांच्या अजून डोळ्यांपुढे असेल. त्या काळात लोक काय बोलत होते ते आठवून पाहा. "मी मरेन" यापेक्षा "मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतील, पोरांना तोंडही बघायला मिळणार नाही" हे भय मोठं होतं. पॉझिटिव्ह आल्यावर दवाखान्यात जायला नकार देणारी माणसं माझ्या ओळखीत होती. रोगापेक्षा त्यांना त्या दारातून एकट्यानं आत जाण्याची धास्ती होती.

आपली भाषा या बाबतीत दोन टोकांना आहे. एका टोकाला मरण हा शब्दच टाळण्याची शंभर साधनं आहेत. माणूस वारतो, जातो, देवाघरी जातो, त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी किंवा वैकुंठवासी होतो. कुणी सरळ बोलू लागलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, अभद्र बोलू नकोस, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. दुसऱ्या टोकाला त्याच भाषेत मरणाच्या पायऱ्यांना इतके नेमके शब्द आहेत की एखाद्या परिचारिकेला पाठ्यपुस्तकातही याहून नेमके सापडणार नाहीत. अन्न सुटलं. पाणी सुटलं. पाय गार पडले. घरघर लागली. ऊर्ध्व लागला. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया उंबऱ्यातून आत पाऊल टाकल्यावर सांगायच्या, आजची रात्र निघते की नाही बघा. ही काही दैवी शक्ती नव्हती. त्यांनी माणसं घरात मरताना पाहिली होती, इतकंच.

ते ज्ञान आपण हरवलं आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. घरघरीचंच उदाहरण घ्या. शेवटच्या दिवसांत माणसाच्या घशात लाळ आणि कफ साठतो, तो गिळण्याची किंवा खाकरून काढण्याची ताकद उरलेली नसते, म्हणून श्वासाबरोबर आवाज येतो. त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीवर नसतो आणि त्या आवाजाचा त्याला आपल्याला वाटतो तितका त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं तर आवाज कमी होतो, औषधंही आहेत. हे ज्याला माहीत नाही त्याला वाटतं माणूस गुदमरतोय. तो घाबरून रुग्णवाहिका बोलावतो आणि शेवटचे दोन तास रस्त्यात जातात. अन्न सुटण्याचंही तसंच. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो, मरायला लागलेला असतो म्हणून त्याला खावंसं वाटत नसतं. अशा वेळी तोंडात कोंबलेला वरणभात श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यापेक्षा ओठ ओल्या कापसानं पुसावेत, चमचाभर पाणी घालावं. आपल्याकडे तोंडात गंगाजळ घालतात, तुळशीपत्र ठेवतात. मला त्या रीतीत हेच शहाणपण दिसतं.

जुन्या काळाचे गोडवे मात्र मी गाणार नाही. त्या घरगुती मरणांत वेदनेवर काही इलाज नव्हता. बाळंतपणात बाया तडफडून जायच्या, कर्करोगाचा माणूस महिनोन्‌महिने ओरडायचा आणि आळीतली माणसं कानांवर हात ठेवायची. तेव्हा सोबत होती, औषध नव्हतं. आज औषध आहे. ते मिळतं कुणाला, आणि सोबतीचं काय झालं, हे बघायला हवं.

आबांचे शेवटचे अकरा दिवस आयसीयूत गेले. एका रात्री त्यांना धाप लागली, आम्ही गाडीत घालून त्यांना साताऱ्यातून मोठ्या शहरात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं दादाला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? पाच मिनिटांत सांगा." दादा म्हणाला, "जे करता येईल ते सगळं करा." दुसरं काय म्हणणार होता? त्या पाच मिनिटांत त्याच्यासमोर एकच चित्र होतं, उद्या गावात लोक म्हणतील, बापासाठी पैसा सोडला नाही. कर्करोग कुठवर पसरला आहे, व्हेंटिलेटरनं काय साधणार आणि काय साधणार नाही, धाप कमी करायला दुसरा काही मार्ग आहे का, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. त्यालाही हे बोलायला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा आबांचे दोन्ही हात कॉटच्या दांडीला पट्टीनं बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. अकराव्या दिवशी पहाटे फोन आला. कोणत्या वेळी गेले ते कागदावर लिहिलेलं होतं. जवळ कोण होतं ते लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आज माहीत आहे, की धाप हे मॉर्फीनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या, थोड्या मात्रेनं अनेकांचं हलकं होणारं दुखणं आहे. कर्करोगाच्या बहुतेक मोठ्या वेदनांचंही तसंच आहे. मॉर्फीनची साधी गोळी फार महाग नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं कर्करोगाच्या वेदनेवरच्या उपचारांची पायरी-पायरीची पद्धत १९८६ साली जगापुढे ठेवली, तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. योग्य मात्रेत, वेदना असताना घेतलेल्या मॉर्फीननं मरण लवकर येत नाही, आणि अशा रुग्णांना व्यसन लागणं हेही विरळा. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्याचं औषध सोबतच द्यावं लागतं. पण "मॉर्फीन सुरू केलं" म्हणजे "संपलं" असा समज अजून कितीतरी डॉक्टरांच्याही मनात घट्ट आहे.

आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, कायदेशीर अफू आपण परदेशांना पुरवत आलो आहोत. आणि इथल्याच खेड्यातला कर्करोगाचा माणूस पॅरासिटामॉल खाऊन रात्र काढतो. याचं एक मोठं कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. अमली पदार्थांचा व्यापार रोखायला तो आला, पण त्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. वेदना कमी करण्याच्या क्षेत्रातल्या डॉक्टरांनी अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. अत्यावश्यक अमली औषधं असा वेगळा गट झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच मंजुरीवर ती ठेवता येऊ लागली. कायदा बदलला, सवय बदलली नाही. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, मॉर्फीनची गोळी मिळेल का. उत्तर काय येतं ते ऐकलं की मरणाच्या भयाचा आणि सरकारी धोरणाचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, हा शब्द आपल्याकडे अजून "आता काही करता येणार नाही" याच अर्थानं ऐकला जातो. खरं म्हणजे रोग बरा होत नसला तरी माणसासाठी करण्यासारखं पुष्कळ असतं, या समजुतीवर हे शास्त्र उभं आहे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या या बाईंनी संपूर्ण वेदना अशी कल्पना मांडली. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, नात्यांची, पैशांची आणि श्रद्धेचीही असते, आणि एकीकडे लक्ष दिलं नाही तर दुसरीकडची वाढते. मला आबांची आठवण होते. त्यांच्या छातीतलं दुखणं रात्री वाढायचं, म्हणजे घरातलं सगळं आवरून आम्ही झोपायला गेलो की. त्या वाढण्यात एकटेपणाचा वाटा किती होता हे आम्ही कधी मोजलं नाही.

आपल्याकडे हे काम नव्यानं सुरू करायचं आहे असंही नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला १९८६ मध्ये उभं राहिलं, शांती अवेदना सदन. त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि ते रुग्णांकडून पैसे घेत नाही. टाटा मेमोरियलमध्ये या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. केरळनं तर साऱ्या देशाला धडा घालून दिला आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी छोटं केंद्र सुरू केलं, त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं, आणि २००८ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरण केलं. तिथे पंचायतीची परिचारिका घरी येते, जखम धुते, लघवीची नळी बदलते, आणि शेजारचा रिक्षावाला किंवा कॉलेजातली मुलगी आठवड्यातून एकदा येऊन बसते. महाराष्ट्रात काही जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष आहेत, तिथे मनापासून राबणारी माणसंही आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगभरात ज्यांना या सेवेची गरज असते त्यांतल्या सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. आणि २०१५ मध्ये मरणाच्या दर्जावरून ८० देशांची क्रमवारी लावली गेली तेव्हा भारत ६७ वा होता.

आता कायद्याकडे येते, कारण तिथे एका शब्दानं फार घोळ घातला आहे. इच्छामरण. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना हा शब्द सोयीचा आहे, पण त्यानं शरपंजरी भीष्म डोळ्यांपुढे येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हवं तेव्हा मरण मागून घेण्याची गोष्ट चालली आहे. तसा हक्क आपल्या कायद्यानं कुणालाही दिलेला नाही. कुणाला जगणं नको झालं असेल तर त्याला आधार आणि उपचार मिळाले पाहिजेत, तो वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे. इथे बोलणं चाललंय ते अगदी उलट बाजूच्या गोष्टीचं. मरण येऊनच ठेपलं असताना, बरं होण्याची आशा उरलेली नसताना, यंत्रांनी ते लांबवू नये एवढं सांगून ठेवण्याचा हक्क.

या हक्काची वाट मुंबईतून गेली आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षं, त्या तिथेच एका खोलीत, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांना भरवणं थांबवावं ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार थांबवण्याचा मार्ग त्याच निकालानं खुला केला. त्या प्रकरणातली एक बाजू मला कधी विसरता येत नाही. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी अरुणाताईंना न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, आणि याचिकेला विरोध केला तोही त्यांनीच. न्यायालयानं त्यांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. कुणाच्या बाजूनं उभं राहावं हे मला आजही ठरवता येत नाही. इतकंच कळतं की अरुणाताईंना काय हवं होतं हे सांगायला त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. पंचविशीतली मुलगी ते कशाला लिहील?

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, आपण त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणू, मान्यता दिली. पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाण्यापासून इतक्या अटी होत्या की सामान्य माणूस त्या वाटेला जाणं अवघडच होतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं त्या सैल केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, त्यासाठी एकापेक्षा जास्त जवळच्या माणसांची नावं देता येतात. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मन बदललं तर ते केव्हाही रद्द करता येतं. वेळ आलीच तर रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं शक्यतो ४८ तासांत आपापलं मत देतात. प्रत सांभाळणारे अधिकारी कोण, हा प्रश्न घेऊन मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्यात तशा नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४ मध्ये असं इच्छापत्र सर्वांत आधी केलं ते उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती महेश सोनक यांनी. न्यायासनावर बसलेला माणूस आपल्या मरणाबद्दल चारचौघांत सही करतो याचं मोल फार आहे. आपल्या गावचा सरपंच, शाळेतले हेडमास्तर, कीर्तनकार हे करतील तेव्हा ते आणखी वाढेल.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की जमिनीच्या लोभापायी किंवा कंटाळ्यापायी घरचेच म्हाताऱ्याला लवकर वाटेला लावतील. ही शंका हवेतली नाही. भावकीतले वाद ज्यानं पाहिलेत त्याला ती पटते. पण इच्छापत्र नसताना प्रत्यक्षात निर्णय बहुधा त्याच घरच्यांच्या हाती असतो, हे आपण विसरतो. पैसे संपले की "आमच्या जबाबदारीवर नेतो" असं लिहून देऊन, सलाईन काढून, मरायला टेकलेल्या माणसाला जीपमधून गावी नेणं रोज चालतं. त्याला कुठलं मंडळ नाही, साक्षीदार नाही, आणि बहुतेक वेळा सोबत वेदनेची एक गोळीही नाही. कागदावर आधी लिहिलेली माणसाची स्वतःची इच्छा हा त्या लोभावरचा लगाम आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. गरिबाला उपचार थांबवण्याचा हक्क काय कामाचा, त्याचे तर सुरूच होत नाहीत. मेळघाटातल्या माणसाला व्हेंटिलेटर नको म्हणण्याची पाळी येत नाही. हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच नुसत्या इच्छापत्राची मोहीम काढली तर ती शहरातल्या खात्यापित्या लोकांपुरतीच राहील. त्यांना उपचारांच्या अतिरेकाचं भय आहे, बाकीच्यांना अभावाचं. दोघांचं भय घालवणारी गोष्ट एकच आहे, घरापर्यंत पोचणारी उपशामक सेवा. आशाताई गावात आहेत, उपकेंद्र आहे, तिथे मधुमेह-रक्तदाबाच्या नोंदी होतात. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करणं, जखम धुणं, मॉर्फीन कसं द्यायचं हे तिथल्या परिचारिकेला शिकवणं आणि आशाताईंना त्या कामाचा योग्य मोबदला देणं यासाठी नवी इमारत लागत नाही.

हे मी इतक्या खात्रीनं लिहिते त्याला आत्या कारण आहे. आबांनंतर पाच वर्षांनी ती गेली, वाईजवळच्या तिच्या घरी, पडवीत. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि कळला तेव्हा फार पुढे गेलेला होता. या वेळी आम्ही पुण्यातल्या एका उपशामक केंद्राची वाट धरली. तिथल्या एक सिस्टर पंधरा दिवसांतून एकदा गावी यायच्या. पहिल्याच भेटीत आत्यानं त्यांना विचारलं, "सिस्टर, मरताना दुखतं का?" आम्ही सगळे एकदम "असं काय बोलतेस" म्हणत पुढे झालो. सिस्टरांनी हातानं आम्हाला थांबवलं, कॉटशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बहुतेकांना शेवटी झोप झोप येते, आत्या. बोलणं कमी होतं. दुखलंच तर त्यावर औषध आहे, ते तुमच्या सुनेला शिकवून जाते. आणि मी रात्री दोनलाही फोन उचलते." आत्या म्हणाली, "मग ठीक." त्या रात्री ती कित्येक आठवड्यांनी सलग झोपली. मॉर्फीनचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. म्हणजे ती झोप औषधाची नव्हती.

पुढच्या तीन महिन्यांत तिनं एकेक गोष्ट हातावेगळी केली. भावजयीशी बारा वर्षं अबोला होता, तिला बोलावून घेतलं. पाटल्या कुणाला, ते सांगितलं. सरणावर नेसवायचं लुगडं काढून ठेवलं आणि त्यावरून सुनेशी वादही घातला. ऊर्ध्व लागला तेव्हा सून घाबरली नाही, कारण असं होईल हे सिस्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. तिनं आत्याला कुशीवर वळवलं, ओठ ओले केले आणि आम्हाला हाका मारल्या.

तरीही भय सगळं गेलं होतं असं मी म्हणणार नाही. आत्या माळकरी होती, हरिपाठ तिला तोंडपाठ होता. एका मध्यरात्री मी तिच्या पायथ्याशी बसले होते. मला वाटलं ती झोपलीये. ती अंधारातच म्हणाली, "मी नसेन म्हणजे काय गं? हे घर असेल, तू असशील, आणि मी नाही?" मी विचारलं, "भीती वाटते?" म्हणाली, "वाटते. पांडुरंग आहे, पण तो रात्री दिसत नाही गं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर कुठल्या सरकारकडे नाही, कुठल्या गोळीत नाही. मी तिचे पाय हातात धरून बसून राहिले. वेदना, धाप, घाण, कर्ज, अबोला हे सगळं बाजूला केल्यावर जे उरतं ते हे शुद्ध भय, आणि ते बहुधा माणूसपणाबरोबरच आलेलं आहे. पण त्याच्याशी बोलायला माणसाला उसंत मिळावी, त्याला शुद्ध असावी आणि जवळ कुणीतरी असावं. आबांना या तिन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत. त्यांच्याही मनात हाच प्रश्न असेल का, हे मला कधीच कळणार नाही.

गेल्या महिन्यात मी आईपाशी विषय काढला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तब्येत चांगली आहे. शेंगा सोलत बसली होती. मी इच्छापत्राचा मसुदा छापून नेला होता, पण धीर होईना, तासभर इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "काय आणलंयस ते दाखव." वाचून दाखवल्यावर तिनं व्हेंटिलेटरबद्दल दोन प्रश्न विचारले, नळीनं भरवण्याबद्दल एक विचारला. दादाचं आणि माझं, दोघांची नावं घाल म्हणाली, म्हणजे एकट्यावर भार नको. मग मी तिला विचारलं, जे आबांना विचारलं नव्हतं. "आई, तुला कशाची भीती वाटते?"

तिनं शेंगांची टरफलं सुपात एका बाजूला सारली. म्हणाली, "मरणाचं काय, यांच्यामागं इतकी वर्षं राहिले. पण तिथं आत नेताना चष्मा काढून घेतात. यांचाही काढून घेतला होता, माझ्याच हातात दिला होता पिशवीत घालून. चष्म्याशिवाय मला कोण आलंय ते दिसत नाही. तुम्ही आलात तरी कळायचं नाही."

आबांचा चष्मा अकरा दिवस आईच्या पिशवीत होता, हे मला त्या दिवशी समजलं. मसुद्यात अशा गोष्टीसाठी रकाना नव्हता. मी खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, शुद्ध असेपर्यंत चष्मा काढू नये. तिनं तो कागद हातात घेऊन ओळ नीट वाचली आणि म्हणाली, "कवळीचंही लिही."